घमापुरातली विलायती कंपनी

रविवारी काका डाव्या हातानं जेवायचे. उजवा हात सदऱ्याच्या आत पोटाशी घेतलेला आणि वरून पंचा आवळून बांधलेला, म्हणजे सवयीनं तो मध्ये यायला नको. सकाळी उठल्यापासून दिवे लागेपर्यंत हा नेम. दात घासणं, दाढी करणं, पायजम्याची नाडी बांधणं, अंगणातल्या झाडाचा पेरू कापणं, सगळं डाव्या हातानं. त्यांची थोरली बहीण, तिला सगळी गल्ली आक्काच म्हणायची, ताट वाढून तोंड फिरवून बसायची.

“डाव्या हातानं अन्नाला शिवून राहिला हा. वरती पितर काय म्हणत असतील!”

काका अर्धा भात ताटाबाहेर सांडत शांतपणे म्हणायचे, “पितरांना दोन्ही हात होते आक्का. त्यांना काय समजणार?”

गल्लीत नवा आलेला एक भाजीवाला एकदा हळहळून म्हणाला, “माताजी, बाबूजी को लकवा कब मार गया?” आक्का दोडकी निवडता निवडता म्हणाली, “हर इतवार को मारता है, भैया. सोमवार को ड्यूटी पे जाते हैं.”

घमापुरात आमचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लागून होतं. माझे वडील रेल्वेत आणि काका लष्करी कारखान्यात, टूलरूमचे फोरमन. त्या वेळी जबलपूरच्या मराठी घरात रेल्वे नाहीतर फॅक्टरी, तिसरं काही विचारायची गरज पडत नसे. काका मापं बनवायचे. म्हणजे पोलादाचे असे तुकडे, ज्यात कारखान्याचा माल बसला तर पास, नाही बसला तर परत भट्टीत. त्यामुळे त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट मोजायची खोड होती. आक्काच्या पोळीची जाडी ते बोटांत धरून सांगत. माझ्या लग्नाचं एखादं स्थळ आलं की वडिलांना विचारत, “मुलगा किती सूत इकडेतिकडे आहे? एक सूत चालेल. दोन सूत नाही चालणार, पुढे सगळं वाकडं जातं.” इंचाचे आठ सूत, हे मला शाळेत नाही, त्यांच्या ओट्यावर समजलं.

मी मॅट्रिक होऊन टायपिंग शिकायला लागले, ती चीनची लढाई संपल्यानंतरची गोष्ट. कारखान्यात तिन्ही पाळ्या चालू होत्या, रिछाईकडे नवी शेडं उठत होती, आणि माणसं कामावरून येऊन बसल्या जागी झोपत होती. एका संध्याकाळी काका हातानं लिहिलेला एक कागद घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

“तू इंग्रजी टायपिंग शिकून राहिली ना? हे एवढं टाइप करून देशील? चूक नको. तिकडे वाचणारी चुका मोजते.”

ते पत्र बर्मिंगहॅमला जायचं होतं. त्यात मायना होता, विषय होता, क्रमांक घातलेले सहा मुद्दे होते आणि शेवटी ‘आपला विश्वासू’. विषय असा: ‘आपल्या प्रस्तावित कंपनीचे नाव.’

“काका, तुम्ही कंपनी काढणार? विलायतेत?”

“काढणार.”

“मग तुम्ही तिकडे जाणार?”

“मी काहून जाऊ? कंपनी तिकडे राहील. मी इथे राहीन. कायद्यात बसतं.” आणि त्यांनी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं, इंग्लंडच्या कंपनी कायद्याचं, गढा बाजारातल्या रद्दीवाल्याकडून आणलेलं. कव्हर गेलेलं होतं. आतमध्ये पेन्सिलीनं इतक्या खुणा होत्या की छापलेलं कमी आणि काकांचं जास्त.

ती वाचणारी कोण, हे मला एकदम समजलं नाही. काका सांगायचे ते तुकड्यातुकड्यांनी, तेही हातात काही काम असेल तरच.

दुसऱ्या महायुद्धात सरकार इथल्या कारखान्यांतल्या चांगल्या कारागिरांना शिकायला विलायतेला पाठवत होतं. काका त्यात गेले. तिशी गाठायची होती, मिशी बारीक होती, थंडी माहीत नव्हती. एका विधवेच्या घरी त्यांना खोली मिळाली. तिची मुलगी दारूगोळ्याच्या कारखान्यात प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रावर, काम करायची. काका तिथे राहायला गेले त्याच्या चार महिने आधी तिचा उजवा हात मनगटापासून प्रेसमध्ये गेला होता.

“सकाळी स्वयंपाकघरात गेलो,” काका सांगत होते, “तर ती पाव कापत होती. पाव छातीशी दाबून धरलेला, सुरी डाव्या हातात. पाव निसटला. उचलला. परत निसटला. तिनं मागे वळून पाहिलं नाही, पण मी आहे हे तिला समजलं होतं. तिसऱ्यांदा पडला तेव्हा मी उचलायला गेलो, तर म्हणाली, ‘हात लावू नका.’”

काकांनी हात लावला नाही. पुढच्या रविवारी खोलीचं दार लावून त्यांनी स्वतःचा उजवा हात बांधून घेतला आणि दिवसभर डाव्या हातानं सगळं करून पाहिलं. कुठे काय निसटतं, कुठे काय धरून ठेवणारं पाहिजे, ते लिहून काढलं. पंधरा दिवसांनी त्यांनी तिच्यासमोर एक पाट ठेवला. साधा लाकडी पाट, पण त्यात तीन पोलादी टोकं वर आलेली, त्यावर पाव किंवा कांदा रोवून बसवायचा. एका कोपऱ्याला उंच कड, म्हणजे लोणी लावताना पावाचा तुकडा सरकणार नाही. बाजूला एक खोबण, तिच्यात बरणी अडकवली की झाकण एका हातानं फिरतं.

तिनं पाव कापला, लोणी लावलं, खाल्लं. मग म्हणाली, “हा एकच का?”

ती त्यांना एका इस्पितळात घेऊन गेली. तिथे एक हात नसलेल्यांची ओळच्या ओळ होती. परत येताना तिनंच सांगितलं, तुम्ही मापं काढा, मी विकते, आपण कंपनी काढू. कंपनीला दोन माणसं पुरतात. पण तोवर काकांचं शिक्षण संपलं आणि सरकारनं त्यांना बोटीत बसवलं.

“तिथेच का नाही राहिलात?” मी विचारलं. वीस वर्षांची होते, काहीही विचारायचे.

काका कानस झटकत होते. “आई आजारी होती. आक्का नुकतीच विधवा होऊन घरी आली होती. परत येईन असं सरकारला लिहून दिलेलं होतं.” मग बराच वेळ कानस चालवून झाल्यावर म्हणाले, “तिनं राहा म्हटलं नाही. मी राहू का, विचारलं नाही.”

लग्न त्यांनी केलं नाही. तिनंही केलं नाही, हे मला पत्रांतून समजलं, कारण तिचं आडनाव बदललं नव्हतं. आक्काचं मत ठरलेलं होतं. “तिकडं बसून त्या बाईनं माझ्या भावाले इकडं बांधून ठेवलं. एका हाताची बाई अन् केवढी गाठ मारली पाहा.”

पत्रं मात्र वाचावीत तर अगदी कोरडी. काका ‘मी’ हा शब्द वापरत नसत. ‘असे वाटते’, ‘असे सुचवण्यात येते’. तिची पत्रंही तशीच, डाव्या हातानं लिहिलेली, अक्षर मागे कललेलं. नावावरून दोघांची दोन वर्षं लिखापढी चालली. काकांनी तिच्या रस्त्याचं नाव सुचवलं, तर नोंदणीवाल्यांच्या यादीत तसं एक आधीच होतं. शेवटी तिनं लिहिलं की तुम्ही आमच्या बागेतल्या बाकावर बसून ज्या नदीबद्दल बोलायचात तिचं नाव घेऊ. जुन्या इंग्रजी नकाशात जसं लिहितात तसंच, ‘नर्बदा’. ते पत्र काकांनी दोन दिवस सदऱ्याच्या खिशात ठेवलं, मग मला म्हणाले, “लिही. ‘सूचना स्वीकारण्यायोग्य आहे.’”

पासष्टची लढाई लागली आणि सगळं विस्कटलं. काकांनी पाटाची सुधारलेली मापं, ड्रॉइंगसकट, बर्मिंगहॅमला पोस्टानं टाकली होती. ती पोचलीच नाहीत. एक दिवस कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडून त्यांना बोलावणं आलं, आणि टाइप करणारी म्हणून मलाही. माझे वडील पांढरेफटक पडले. माझा रेल्वेच्या ऑफिसात अर्ज होता. “काहून गेली होती तू या भानगडीत? आता पोलिसांत नाव गेलं तर नोकरी विसर अन् लग्नही विसर.”

अधिकारी मेजर होते. टेबलावर काकांचं ड्रॉइंग पसरलेलं.

“फोरमन साहब, लड़ाई चल रही है। आप टूलरूम के आदमी हैं। और ये नुकीली चीज़ का नक़्शा आप विदेश भेज रहे हैं। ये है क्या?”

“साहब, इस पर प्याज काटते हैं,” काका म्हणाले.

मेजरसाहेबांनी ड्रॉइंग फटकन बाजूला सारलं. त्यांना वाटलं, हा माणूस आपली थट्टा करतोय. काकांनी पिशवीतून पाट काढून टेबलावर ठेवला आणि कँटीनमधून एक कांदा व सुरी मागवून घ्यायची विनंती केली. कांदा आला. काकांनी उजवा हात सदऱ्यात घातला, डाव्या हातानं कांदा टोकांवर रोवला, सोलला आणि बारीक चिरला. मग त्यांनी सुरी मूठ पुढे करून मेजरसाहेबांसमोर धरली. “आप देखिए. दाहिना हाथ पीछे रखिए. पहले बिना पाट के.”

मेजरसाहेबांनी खरंच हात पाठीमागे घेतला. टेबलावरून कांदा दोनदा खाली गेला. तिसऱ्यांदा त्यांनी तो पाटावर रोवला आणि कापला. कापून झाल्यावर त्यांनी पाट उचलून खालूनवरून पाहिला.

“एक बनाने में कितना टाइम लगता है?”

“घर पे करूँ तो दो इतवार.”

“मिलिटरी अस्पताल में ग्यारह लड़के पड़े हैं,” मेजरसाहेब म्हणाले. “ग्यारह चाहिए.”

काकांनी ते अकरा पाट बनवले, लाकूड कापून तासून द्यायला गल्लीतला सुतार पुढे आला. पण नियम तो नियम. कारखान्यातल्या नोकरानं परदेशी कंपनीची खटपट करायची नाही. काकांना लेखी द्यावं लागलं की नोकरीत असेपर्यंत ते तिकडे पत्र लिहिणार नाहीत. एक शेवटचं पत्र लिहायची परवानगी मिळाली, तेही ऑफिसात दाखवून. मी टाइप केलं: ‘सेवानिवृत्तीपर्यंत पत्रव्यवहार बंद ठेवणे भाग आहे. साडेतीन वर्षे. क्षमस्व.’

“लपून पाठवू या ना,” मी म्हटलं. “वडिलांच्या नावानं टाकू. कुणाला कळतंय?”

“मला कळतंय ना.”

ती साडेतीन वर्षं मला अजून आठवतात, कारण तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं की मी स्वतःही त्या पत्रांची वाट पाहायला लागले होते. मला रेल्वेत नोकरी लागली. दिवसभर मालगाडीच्या वाघिणींच्या याद्या टाइप करायच्या. इटारसीच्या पुढे मी कधी गेले नव्हते. पूर्वी बर्मिंगहॅमच्या पत्रात त्यांच्या बागेतल्या सफरचंदाच्या झाडाचा एक ओळीचा उल्लेख असायचा, हवामान म्हणून, तेवढ्यावर माझे आठ दिवस जायचे. ती दर नाताळला एक कार्ड पाठवत राहिली. कार्डात छापलेल्या मजकुराखाली फक्त सही. काका ते कार्ड कारखान्याच्या सुरक्षा ऑफिसात दाखवत आणि मग घरी नेत. आणि दर रविवारी डाव्या हातानं जेवत.

निवृत्तीच्या दिवशी कारखान्यात हारतुरे झाले, बर्फी वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला काका माझ्या ऑफिसच्या फाटकाशी उभे. “संध्याकाळी मोकळी आहेस का? टाइप करायचं आहे.”

मग खरी कंपनी निघाली, पण लगेच नाही. दोन माणसांनी एकेक पाउंडाचा एकेक शेअर घ्यायचा, एवढंच भांडवल. आता भारतात राहणाऱ्या माणसाला तो एक पाउंड बाहेर पाठवायला आणि तो शेअर जवळ ठेवायला सरकारी परवानगी पाहिजे. फॉर्म चार प्रतींत. बँकेतल्या बाबूनं चष्मा काढला. “बाबूजी, एक पाउंड? मेमसाब से कहिए आपकी तरफ़ से भर दें. कौन पूछता है?”

“कंपनी का पहला काग़ज़ ही झूठा?” काका म्हणाले, आणि त्याच्या समोरच्या बाकावर बसून राहिले. सव्वा वर्ष ते त्या बाकावर बसले असं म्हटलं तरी चालेल. शेवटी शेवटी तो बाबू त्यांना चहा मागवायचा आणि स्वतःच्या सासऱ्याच्या जमिनीचे कागद दाखवायचा. परवानगी आली तेव्हा तोच जास्त खूश झाला.

मग कंपनीचा उद्देश आणि तिचे नियम, असे दोन दस्त तिकडच्या वकिलाकडून आले. सही दोघांची, आणि प्रत्येक सहीला साक्षीदार. काकांनी साक्षीदार म्हणून मला बसवलं. नाव, पत्ता आणि व्यवसाय लिहायचा होता. मी लिहिलं: घमापूर, जबलपूर. व्यवसायाच्या जागी थबकले.

“टायपिस्ट लिही,” काका म्हणाले. “आहेस ना तू?”

माझं नाव विलायतेच्या सरकारी दप्तरात गेलं, या आनंदात मी त्या दिवशी घरी पायी गेले, रिक्षाला पैसे असून. दोन महिन्यांनी नोंदणीचं प्रमाणपत्र आलं. आक्कानं त्याला हळदकुंकू लावलं. काका म्हणाले, “अगं, सरकारी कागद आहे.” आक्का म्हणाली, “मग सरकारलेही लाव म्हणतो का?” पण कुंकू पुसलं नाही.

काका कंपनीचे अध्यक्ष, ती सचिव. आपल्या घरामागच्या शेडमध्ये ती तिकडे दोन माणसं लावून पाट बनवून घ्यायची, त्यातल्या एकाला एकच हात होता. महिन्याच्या पहिल्या शनिवारी संचालकांची सभा. तिथले सकाळचे अकरा, म्हणजे इथले दुपारचे साडेतीन. वकिलानं स्पष्ट कळवलं होतं की सभा भरवायची गरज नाही, दोघांच्या सह्यांचा ठराव पुरे. काकांना ते पटलं नाही. साडेतीनला ते इस्त्रीचा कोट घालून ओसरीत खुर्चीवर बसत. समोर दुसरी, रिकामी खुर्ची. मी शेजारी वही घेऊन. काका एकेक विषय मोठ्यानं वाचत. ‘टोकांना गंज चढतो, अशी एका इस्पितळाची तक्रार.’ मग थांबत. समोरच्या खुर्चीकडे पाहत. तेवढ्या वेळात आक्कानंही भांडं वाजवायचं नाही. मग मान हलवून पुढचा विषय. सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर येईना. कारण त्या शांततेत ते खरंच ऐकत असत.

सभेची टिपणं मी दोन प्रतींत टाइप करी. काका सही करून पाठवत, ती सही करून एक प्रत परत पाठवी.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात, एका सभेनंतर, माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे. माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं त्या आठवड्यात, मुलाकडच्यांना नोकरी करणारी नको होती. मनात राग होता, सगळ्या गप्प बसणाऱ्या माणसांचा. तीन ठराव टाइप करून झाल्यावर मी खाली चौथा टाइप केला: ‘अध्यक्षांना सचिवांची वारंवार आठवण येते, याची सभेने नोंद घेतली.’

काकांनी वाचलं. कान लाल झाले.

“हा काय चावटपणा आहे?”

“चूक झाली.”

“चूक तीन सुतांची आहे. परत टाइप कर.”

मी परत टाइप केलं, तीन ठरावांचं. मान वर न करता त्यांच्या हाती दिलं आणि घरी येऊन रडले, ते त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, मला सांगता येणार नाही.

महिनाभरानं तिकडची सही झालेली प्रत आली. काकांनी पाकीट फोडलं नाही, माझ्याकडे दिलं. मी उघडलं. ती माझी पहिली प्रत होती, चार ठरावांची, खाली काकांची सही. तीन ठरावांपुढे तिची बारकी खूण होती. चौथ्यापुढे मागे कललेल्या डाव्या अक्षरात लिहिलं होतं: ‘एकमताने मंजूर.’

काका ओसरीत उभे होते, पाठमोरे. “काय म्हणते?” त्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. ते आत गेले. आक्का बाहेर येऊन मला म्हणाली, “काय लिहिलं गं तिनं? तोंड धुऊन राहिला तो मघापासून.”

त्यानंतरच्या पत्रात तिनं पहिल्यांदा ‘मी’ लिहिलं. मी थकले आहे, डिसेंबरची सभा इथे घेऊ, कंपनी अध्यक्षांच्या प्रवासाचं तिकीट काढते. काकांनी नाही म्हटलं नाही. पासपोर्ट झाला, परवानग्या झाल्या. सदर बाजारातल्या शिंप्याकडे गरम कोट शिवायला टाकला. आक्का मेथीचे लाडू करायला बसली. तिच्यासाठीही एक डबा वेगळा. “एका हातानं उघडता येईल असा डबा पाहून ठेवला,” ती मला हळूच म्हणाली.

डिसेंबरच्या सुरुवातीला लढाई लागली. खिडक्यांच्या काचांना आम्ही काळे कागद चिकटवले. कारखान्यातून माणूस आला नव्हता, कुणी बोलावलं नव्हतं, पण तिसऱ्या दिवशी काका जुना खाकी कोट घालून निघाले.

आक्का दारात आडवी उभी राहिली. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. “तिकीट आहे ना तुझ्या खिशात? जा. अरे जा ना आता! तीस वर्षं मी बोलली तिला, आता मीच म्हणते, जा. काहून थांबून राहिला?”

“टूलरूममध्ये चार पोरं आहेत, नवीन,” काका म्हणाले. “तीन पाळ्या चालल्यात. माप घासतं, त्यांना समजत नाही कधी घासलं ते. माप चुकलं तर मालात चूक जाते, अन् तो माल आपल्याच पोराच्या हातात फुटतो. हात जातो आक्का.”

आक्का बाजूला झाली.

पंधरवड्यात लढाई संपली. काकांनी तार केली, मार्चमध्ये येतो. तिची उलट तार आली, सभा मार्चपर्यंत तहकूब. कोट शिंप्याकडून आला. फार चांगला झाला होता. जानेवारीच्या शेवटी तिकडच्या वकिलाचं पत्र आलं. थंडीत तिच्या छातीत कफ झाला होता. चार दिवसांत गेली. पत्र मी वाचलं, कारण तोवर सगळं मीच वाचत होते. काकांनी फक्त तारीख परत एकदा विचारली.

“शनिवार होता,” ते म्हणाले.

पुढे त्यांनी तिच्याविषयी एक शब्द काढला नाही. आक्कानं मेथीच्या लाडवांचा तो वेगळा डबा गल्लीतल्या पोरांत वाटला आणि वाटताना रडली. मार्च आला, गेला. तिकडची शेड तिच्या भाचीनं बंद केली, उरलेले पाट इस्पितळाला दिले.

वर्षभरानं वकिलाचं लांब पत्र आलं. आता कंपनीत एकच सभासद उरला आहे. कायद्याप्रमाणे निदान दोन पाहिजेत. लिमिटेड कंपनीत सभासदाची जबाबदारी मर्यादित असते, पण एकच माणूस उरून सहा महिन्यांवर त्यानं कंपनी चालू ठेवली, तर ती मर्यादा उठते, मग जे काही येईल ते त्या एकट्यावर. सबब आपण काहीच करू नये. नोंदणी अधिकारी पत्र पाठवून विचारतील, कंपनी चालू आहे का. उत्तर देऊ नये. उत्तर न गेल्यास ते आपणहून नाव खोडून टाकतील. यात काही खर्च नाही.

नोंदणी अधिकाऱ्याचं पत्र पावसाळा संपताना आलं. काका ते घेऊन आमच्याकडे आले. शनिवारची दुपार होती. अंगावर सदर बाजारात शिवलेला तो गरम कोट होता, जबलपूरच्या ऑक्टोबरात. कपाळावर घाम होता.

“टाइप कर,” ते म्हणाले.

“काका, उत्तर द्यायचं नाही असं लिहिलंय वकिलानं.”

“ठाऊक आहे. लिही. ‘आपले पत्र पोचले. कंपनी चालू आहे.’”

मी टाइपरायटरमध्ये कागद घातला. “पण आता तुम्ही एकटेच आहात. त्यानं लिहिलंय ना, मग मर्यादा राहत नाही.”

“नसू दे,” काका म्हणाले. “टाइप कर.”

मी टाइप केलं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि उभ्याउभ्याच सही केली.